भोकं उघडीच असतात

आमच्या गावापुढचा तलाव बहुतेक दर वर्षी निघून जातो. उन्हाळ्यात त्याच्या तळावर लोक गवत कापतात आणि हिवाळ्यात पोरं त्याच जागी बर्फावर घसरत असतात. आम्हाला कुणालाच त्याचं नवल वाटत नाही. लेनार्टच्या मते खरी अडचण तिथेच होती.

लेनार्ट ओझ्बिच राजधानीच्या, ल्युब्लियानाच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होता. मुलं विज्ञान कसं शिकतात, हा त्याचा विषय. सप्टेंबरात तो आमच्या शाळेत आला, तेव्हा मला पाचवीला शिकवायला लागून सत्तावीस वर्षं झाली होती. आमच्या मुख्याध्यापिका ब्रेडाबाई त्याला माझ्या वर्गाच्या दारापर्यंत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मिलोयका, हा आता तुझ्याकडे. सांभाळ." जणू काही नवीन कपाट आलं होतं.

पहिल्याच दिवशी त्याने मुलांना विचारलं, "तलावाचं पाणी जातं कुठे?"

बावीसच्या बावीस हात वर. चुनखडीच्या तळाला भोकं आहेत, त्यातून पाणी जमिनीखाली जातं, हे आमच्याकडे बालवाडीतल्या पोरालाही पाठ असतं. मी जरा ताठ उभी राहिले.

"छान," लेनार्ट म्हणाला. "मग हिवाळ्यात ती भोकं कुठे जातात?"

एकेक उत्तर यायला लागलं. पानं आणि चिखल अडकतो. बर्फाने बुजतात. इझाक म्हणाला की स्लिव्नित्सा डोंगरावरच्या चेटकिणी येऊन भोकांवर बसतात, आणि सगळे हसले. मांत्सा नावाची मुलगी हसली नाही. "कुणीतरी बंद करत असणार," ती म्हणाली. "माझे आजोबा तरुणपणी भोकं बुजवायच्याच कामावर होते. पण ते जमलं नाही म्हणे."

मला राहवेना. "अगं, भोकं उघडीच असतात," मी म्हटलं. "पावसात येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा जास्त असतं, म्हणून तलाव भरतो. कळलं?"

"हो, बाई," बावीस जण म्हणाले. मला वाटलं, झालं काम. लेनार्टने वहीत काहीतरी टिपून घेतलं.

स्टाफरूममध्ये त्याने आम्हाला त्याच्या कामाची रीत सांगितली. आधी एक तास आखायचा, तो खऱ्या वर्गात घ्यायचा, कुठे मोडतो ते बघायचं, का मोडला ते शोधायचं आणि पुन्हा बांधायचा. असं दोन-तीनदा. पाचवी ब चे वर्गशिक्षक स्तोयानसर कॉफी ढवळत ऐकत होते.

"म्हणजे आमच्या पोरांवर औषधाची चाचणी."

"नाही सर. औषधाच्या चाचणीत मध्येच औषध बदलून चालत नाही. मी दर वेळी बदलणार."

"आणि तास मोडलाच नाही तर?"

"तर मला फारसं काही कळणार नाही," लेनार्ट म्हणाला.

"बघ मिलोयका, तुझा तास मोडावा म्हणून हा देवाला मेणबत्ती लावून आलाय," स्तोयान म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, पण मनातून नाही.

नोव्हेंबरात आम्ही तास घेतला. लेनार्टने पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाच पेट्या करून आणल्या होत्या. आत खडी, खडीवर स्पंज, तळाला पाच भोकं, प्रत्येक भोकाला एक बूच, खाली बादली. मुलं पाणी ओतत होती, बुचं काढत होती, तलाव रिकामा होत होता, आरडाओरडा चालला होता. इतका रंगलेला तास माझ्या आठवणीत नव्हता. घंटा झाल्यावर पोरं मधल्या सुट्टीतल्या योतालाही जायला तयार नव्हती, आणि आमच्या शाळेतली योता, म्हणजे ते आंबट कोबी-राजम्याचं सूप, चांगली असते.

पुढच्या आठवड्यात लेनार्टने, तासाआधी केलं होतं तसंच, ग्रंथालयात प्रत्येक मुलाला वेगळं बसवून दहा मिनिटं गप्पा मारल्या. शेवटचं मूल गेलं आणि तो जवळजवळ धावत स्टाफरूममध्ये आला.

"बाई, वाढले!"

"काय वाढलं?"

"भोकं हिवाळ्यात बंद होतात असं सांगणारे. तासाआधी अकरा होते, आता सोळा आहेत!"

"आणि तू हसतोयस?"

"म्हणजे बाई, आपल्या तासाने काहीतरी शिकवलं. नुसतं चुकीचं शिकवलं. ते कुठून आलं ते शोधायला हवं."

तासाच्या वेळी वर्गात दोन कॅमेरे लावलेले होते. ते चित्रण त्याने पेनड्राइव्हवर घालून मला दिलं, आणि सोबत एक कागद. चित्रणातल्या कुठल्या मिनिटाला काय झालं याची ती नोंद होती. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी ते बघायला बसले.

स्वतःला शिकवताना बघण्याची वेळ कुणावर येऊ नये. मी एकतीस प्रश्न विचारले होते. त्यातल्या एकोणीस प्रश्नांची उत्तरं मीच देऊन टाकली होती. एक मुलगा तोंड उघडतोय, श्वास घेतोय, तेवढ्यात मी बोलून मोकळी. लेनार्टच्या कागदावर समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'प्रश्नानंतर बाई थांबतात: सरासरी एक सेकंद.'

माझा नवरा विन्को भांडी पुसत मागे उभा होता. "घरीही तू असंच करतेस," तो म्हणाला. "जेवायला काय करू म्हणून विचारतेस आणि मी सांगायच्या आत बटाटे सोलायला घेतेस."

"तुला कुणी विचारलं?"

"तेच तर म्हणतोय."

चार दिवस मी लेनार्टशी कामापुरतंच बोलले. राग त्या एका सेकंदाचा नव्हता. सत्तावीस वर्षांत किती पोरांनी असं तोंड उघडलं असेल आणि मिटलं असेल, तो हिशोब मनातून जाईना. रागावायला मात्र समोर लेनार्टच होता.

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात ते चित्रण पुन्हा लावलं. खरं सांगते, या वेळी मी त्याची चूक शोधायला बसले होते. माझा आवाज ऐकवेना म्हणून आवाज बंद केला आणि नुसते मुलांचे हात बघत राहिले. मांत्साचा गट समोरच होता. मांत्सा पाचही भोकांना बुचं लावते. इझाक पाणी ओततो. पेटी भरते. मांत्सा बुचं काढते. पेटी रिकामी. पुन्हा बुचं, पुन्हा पाणी. मी आवाज सुरू केला. बूच दाबताना मांत्सा दर वेळी काहीतरी पुटपुटत होती. कान देऊन ऐकलं, तर ती म्हणत होती, "आता हिवाळा."

मी तशीच उठून ग्रंथालयात गेले. लेनार्ट तिथे बसला होता.

"माझे सेकंद मोजलेस ना? आता तुझी बुचं मोज."

त्याला काही कळेना. मी त्याला ओढतच वर्गात आणलं आणि ती जागा दाखवली. मग आम्ही दोघं शेजारी शेजारी मुलांच्या बाकावर बसलो आणि पाचही गटांमध्ये बुचं किती वेळा लावली ते मोजलं. शंभराच्या वर गेल्यावर त्याने मोजायचं सोडून दिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"पेटी भरायची तर बुचं लावावीच लागत होती," तो हळूच म्हणाला. "दर वेळी. मी त्यांच्या हातांना भोकं बंद करायला शिकवलं."

"मग ठेवलीस कशाला बुचं?"

त्याने चष्मा काढून पुसला. "फरशी भिजू नये म्हणून, बाई."

मला हसू आवरेना. तोही हसायला लागला. एवढा अभ्यास, एवढी जाडजूड पुस्तकं, आणि सोळा मुलांच्या डोक्यातला तलाव बिघडला तो फरशीपायी. त्या दिवशी निघताना त्याने विचारलं, "आणि बाई, ते सेकंदाचं... मी लिहायला नको होतं का?"

"लिहायला हवं होतं," मी म्हटलं. "पण समासात नको. तोंडावर सांग."

दुसऱ्या वर्षी नवीन पाचवी आली. बुचं गेली, भोकं उघडी राहिली, आणि तास वर्गातून अंगणातल्या नळापाशी आला. प्रत्येक गटाला एक चमचा, एक कप आणि एक मोठा जग. काम एकच दिलं होतं: भोकं उघडी ठेवून पेटीत तलाव करून दाखवा. मी माझ्यापुरती एक युक्ती केली होती. तोंडात पेपरमिंटची गोळी ठेवली होती. गोळी संपेपर्यंत बोलायचं नाही.

तिंकारा आणि ओझ्बेय यांच्या गटाजवळ मी उभी होते. तिंकारा कपाने पाणी ओतत होती, एकामागून एक, एका लयीत. पेटीतलं पाणी अर्ध्यावर चढलं आणि तिथेच राहिलं. चढेना, उतरेना.

"थांबलं!" तिंकारा ओरडली. "गळायचं थांबलं!"

ओझ्बेयने पेटीखाली हात घातला. "कुठे थांबलंय? माझी बाही भिजतेय."

"मग वरचं उतरत का नाही?"

"मला काय विचारतेस? तूच ओततेयस."

"मी ओततेय म्हणून काय झालं?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. मी गोळी दाढेखाली घट्ट धरली. ओझ्बेय एकदा कपाकडे बघत होता, एकदा बादलीकडे. किती वेळ गेला मला माहीत नाही. मला तरी तो पूर्ण तासाएवढा वाटला.

"थांब," तो म्हणाला. "तू जेवढं ओततेयस तेवढंच खाली जातंय. म्हणून ते तिथंच दिसतंय."

"आणि मी जगाने ओतलं तर?"

"तर चढेल."

"भोकं उघडी असताना?"

"ओतून बघ ना!"

तिने जग उपडा केला. पाणी चढलं आणि खालच्या धाराही जोरात वाहायला लागल्या. तिंकारा मान वळवून शाळेच्या कुंपणापलीकडे बघत राहिली. पावसाचे दिवस होते, तलाव रोज थोडा थोडा वर येत होता.

"बाई," ती म्हणाली, "म्हणजे तो आत्तासुद्धा गळतोय? आत्ता, भरत असताना?"

माझी गोळी संपली होती. तरी मी नुसती मान डोलावली.

या वेळी ग्रंथालयातल्या गप्पांत एकवीसपैकी एकोणीस मुलांनी भोकं उघडी असतानाच तलाव भरतो असं सांगितलं. मला सगळ्यांचं तोंड गोड करावंसं वाटत होतं. म्हणून मी पोतित्सा, म्हणजे अक्रोडाचं सारण भरलेली गोड रोटी, भाजून नेली. ब्रेडाबाईंनी एक तुकडा उचलला आणि म्हणाल्या, "अभिनंदन. आता मला एवढंच सांगा, हे बुचं काढल्यामुळे झालं की मिलोयकाने तोंड बंद ठेवल्यामुळे?"

लेनार्टने खिशातून पेन काढलं.

"की ही पोरंच हुशार आहेत?" असं म्हणून त्या पोतित्साचा दुसरा तुकडा घेऊन निघून गेल्या.

लेनार्टने तीन दिवस त्या प्रश्नावर घालवले. शेवटी म्हणाला, आपण नसलेल्या ठिकाणी हा तास कसा चालतो ते बघू या. त्याने पाठाचं टाचण लिहिलं, मी ते दुरुस्त केलं आणि आम्ही ते स्तोयानसरांना दिलं. टाचणात एक ओळ होती, 'प्रश्न विचारल्यावर पाच सेकंद थांबा.'

स्तोयान हे फुटबॉलचे प्रशिक्षक. सांगितलेलं तंतोतंत करणारा माणूस. त्यांनी प्रश्न विचारला, हात वर केला आणि बोटं मोजायला लागले. "एक... दोन... तीन..." चौथ्या प्रश्नापर्यंत अख्खा वर्ग त्यांच्याबरोबर मोठमोठ्याने मोजत होता. "पाच!" झालं की सगळे टाळ्या वाजवायचे. उत्तर कुणीच देत नव्हतं. अंगणाच्या कोपऱ्यात लेनार्ट डोक्याला हात लावून बसला होता.

मग एक बादली उपडी झाली. स्तोयान फडका आणायला आत गेले. ते गेले तेव्हा एका गटातल्या दोन मुली भांडत होत्या, पाणी थांबलंय की जातंय यावरून. सर परत येईपर्यंत त्या भांडत होत्या, मग एकीने पेटीखाली तोंडच घातलं, भिजली, आणि दोघींना कळलं.

पाचवी ब मध्ये वीसपैकी बारा जणांना जमलं. स्तोयानसर खट्टू झाले. त्यांनी ते टाचण टेबलावर आपटलं.

"थांबा असं लिहिलंय, मी थांबलो. कशासाठी थांबायचं ते कुठे लिहिलंय? समोरच्या संघाने पास दिला की पळ, एवढंच खेळाडूला सांगितलं तर तो कुठेही पळेल. का पळायचं ते सांगावं लागतं."

लेनार्टने वही उघडली. "सर, हे पुन्हा सांगा."

"चेष्टा करतोस?"

"नाही, सर. खरंच. सावकाश सांगा."

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी टाचण नव्याने लिहिलं. सेकंद काढून टाकले. त्यांच्या जागी स्तोयानच्याच शब्दांत लिहिलं: 'दोन मुलांचं पटत नसेल तर तिकडे जाऊ नका. त्यांच्या हाताशी पाणी आहे, तेच निकाल देईल. तुम्ही गेलात तर ती तुमच्या तोंडाकडे बघतील, पेटीकडे नाही.' तिसऱ्या वर्षी आम्ही दोघांनी आपापल्या वर्गात तोच तास घेतला. स्तोयानच्या वर्गात सतरा मुलांना जमलं, माझ्या वर्गात अठरांना. माझ्या वर्गातली तिघं मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली की पेटीचं ठीक आहे, तलावाचं वेगळं असतं. त्यांचं काय करायचं ते आम्हाला अजून उमगलेलं नाही.

जूनच्या सुरुवातीला लेनार्टची प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. मी आणि स्तोयान मागच्या रांगेत बसलो होतो. परीक्षकांतल्या एक वयस्कर प्राध्यापिका चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्ही पेटी बदललीत, शिक्षिका बदलल्या, टाचण बदललंत. मग फरक नक्की कशामुळे पडला, हे तुम्हाला सांगता येणार नाही."

"नाही येणार," लेनार्ट म्हणाला. स्तोयानने माझं कोपर धरलं. "एका कारणावर बोट ठेवता येणार नाही. पण तास प्रत्येक वेळी कुठे मोडला आणि का, ते मला सांगता येतं. पुढच्या शिक्षकाला निदान त्याच जागी पडायला नको. आणि बाई, त्यातली पहिली जागा मला दिसली नव्हती. बुचं मी ठेवली होती. ती सापडली मिलोयका केबे यांना."

प्राध्यापिका वळून मागे बघायला लागल्या. मला काय करावं सुचेना, म्हणून मी उभी राहिले आणि पुन्हा बसले. लेनार्टला डॉक्टरेट मिळाली. बाहेर आल्यावर स्तोयानने त्याच्या पाठीत असा धपका मारला की बिचाऱ्याचा चष्मा पडला.

त्या वर्षीच्या मुलांनी मेमध्ये तलावात एक खुणांची काठी रोवली होती. दर सोमवारी पाणी कुठवर आहे ते लिहायचं. तीन आठवडे ते नेमाने उतरत गेलं. मुलांनी आलेख काढला, रेघ पुढे ओढली आणि ठरवलं की बारा जूनला काठीचा पाय कोरडा होणार. बारा तारीख आली. काठीपाशी अजून गुडघाभर पाणी होतं.

"पाऊस पडला असेल," मी म्हटलं.

"नाही पडला, बाई. आम्ही तेही लिहिलंय," लिया नावाची मुलगी म्हणाली. "भोकं उघडी आहेत, वरून काही येत नाही, मग ते उतरता उतरता दमलं कसं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी लेनार्टला फोन केला. त्यालाही माहीत नव्हतं, निदान तो तसं म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसने आला. डॉक्टर ओझ्बिच, हातात बूट, विजार गुडघ्यापर्यंत वर. एकवीस मुलांना घेऊन आम्ही तळावर उतरलो. काठाकडचा चिखल वाळून भेगाळला होता, मधे मधे नवीन गवताचे कोंब होते. लिया सगळ्यांच्या पुढे चालत होती. एका खळग्याच्या कडेला ती थबकली आणि खाली वाकली.

"इथे एक आहे!" ती ओरडली. "पण हे कोरडं आहे. यातून काहीच जात नाहीये!"

"इथे पण एक!" दुसरीकडून कुणीतरी म्हणालं. "हेही वरच राहिलंय!"

"म्हणजे पाणी खाली गेलं की वरची भोकं कामाची नाहीत?"

"मग कामावर किती उरली?"

कुणी उत्तराची वाट बघायला थांबलं नाही. मुलं चिखलात पांगली, वाळलेल्या काठावरची भोकं मोजत, एकमेकांना आकडे ओरडून सांगत. लेनार्ट त्यांच्यामागे जायला निघाला. दोन पावलं गेला आणि थांबला. मग वही काढून तिथेच एका दगडावर बसला.